गावात पाऊल न ठेवता ‘गावाची ओळख’ कशी लिहावी

ग्रामपंचायतीचा आराखडा असो की कॉलेजचा प्रकल्प, पहिल्या पानावर ‘गावाची ओळख’ लागतेच. त्यासाठी गावापर्यंत जायची तसदी कशाला घेता? २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी कोड शोधा, निम्मं काम तिथेच उरकतं. २०२१ ची गणना झालीच नाही, त्यामुळे तुमचा आकडा शिळा ठरवायला समोरच्याकडे ताजा आकडा नाही.

लोकसंख्येपुढे ‘एकूण’ हा शब्द ठसठशीत लिहा. गाव बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांचं असेल तर नक्कीच. आपल्याकडे गणनेच्या काळात माणूस जिथे सापडेल तिथे मोजतात. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात. दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टरवर संसार लादून गेलेले कोयते गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशेबात ती एकच धरतात.) तेव्हा गावाच्या आकड्यात उरली म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी पोरं. गेलेले मोजले गेलेच असतील, तर उसाच्या फडाजवळच्या कोप्यांमध्ये (मजुरांच्या झोपड्यांमध्ये), दुसऱ्याच एखाद्या जिल्ह्याच्या खात्यावर. ते परततात नेमके टँकरच्या दिवसांत, आणि खेपा मंजूर करताना कागदावरची लोकसंख्या बघतात. मग पाणी पुरत नाही. हे तुमच्या अहवालात बसत नाही, सोडून द्या. पुढच्या गणनेचा संदर्भ क्षण, म्हणजे ज्या घडीची लोकसंख्या धरतात तो, १ मार्च २०२७ ची मध्यरात्र आहे, तोही हंगामातच. तक्ता जपून ठेवा.

साक्षरता काढताना सात वर्षांखालची पोरं वगळूनच भागा. एकूण लोकसंख्येने भागलंत तर टक्का घसरेल आणि सरपंचांचा चेहरा उतरेल.

आता दळणवळण. हे सगळ्यात सोपं. सोय गावात नसेल तर जनगणनेतला अंतराचा कोड टाकायचा: ५ किलोमीटरच्या आत ए, ५ ते १० बी, त्यापुढे सी. रेल्वे स्टेशन १२ किलोमीटरवर असो की १२०, कोड सीच. आमच्या मते इतकी समता दुसऱ्या कुठल्याच सरकारी कागदात नाही.

एसटीसमोर ‘आहे’ लिहा. ती मुक्कामी गाडी असेल, रात्री येऊन पहाटे तालुक्याला निघत असेल, आणि दिवसभरात दुसरी फेरी नसेल, तरी ‘आहे’. शाळांना सुट्टी लागली की तीही बंद होते, कारण पासवाली मुलं नसली की भारमान (गाडी किती भरते ते) घटतं आणि आगार फेरी रद्द करतं. फेरी रद्द झाली की लोक काळीपिवळीने जातात, आणि मग पुढच्या वर्षी भारमान आणखी घटलेलं सापडतं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, याचा उल्लेख आवर्जून करा. काळीपिवळीत पूर्ण पैसे मोजावे लागतात, म्हणून बायका फाट्यापर्यंत चालत जाऊन तिथे लाल गाडीची वाट बघतात. पायी चालण्याचा रकाना नाही, काळजी नसावी.

रस्त्याच्या बाबतीत प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेची व्याख्या वापरा. सपाट भागात बारमाही रस्ता ५०० मीटरच्या आत असला की वस्ती जोडलेली. ते पाचशे मीटर काळ्या मातीचे असतील, तर आषाढात तिथे मोटारसायकलचं चाक मडगार्डपर्यंत चिखलाने भरून जागेवर थांबतं, बैलगाडीचे आरे बुडतात, आणि बाळंतीण बाजेवर घालून डांबरापर्यंत आणावी लागते. रुग्णवाहिका डांबरावरच उभी असते. पण रुग्णवाहिका हा आरोग्याच्या पानाचा विषय. तुम्ही इथे ‘बारमाही रस्ता: आहे’ लिहा आणि पान उलटा.