झायसे म्हणजे झाय नव्हे

“झायसे ही इथिओपियात झिवाय सरोवरातल्या बेटांवर बोलली जाणारी अम्हारिकची बोली, तिला लिपी नाही.” हे वाक्य भाषांच्या याद्यांमधून बिनदिक्कत फिरतंय. एका वाक्यात तीन चुका.

बेटांचा घोळ तीन रोमन अक्षरांचा. आयएसओ ६३९-३ या, भाषांना तीन अक्षरी कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘झेड-ए-वाय’ हा कोड झायसे-झेर्गुल्लाचा, म्हणजे झायसेचा आहे. झिवायच्या बेटांवरच्या झाय भाषेचा कोड ‘झेड-डब्ल्यू-ए’. नाव वाचून कोड गृहीत धरला की माहिती एकीची आणि नकाशा दुसरीचा, असं होतं. झायसे लोक बरेच दक्षिणेला, अर्बा मिंच शहराच्या खाली, चामो सरोवराच्या पश्चिमेला राहतात.

अम्हारिकची बोली तर झायही नाही. ती सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातली खरी, पण सिल्ते आणि हरारी यांच्या गोतातली. झायसे ओमोटिक या वेगळ्या इथिओपियन कुळातली, त्यातही ओमेतो गटाच्या पूर्व शाखेतली. कोरेते तिची जवळची नातलग. शेजारच्या गामो भाषेचीही ती बोली नव्हे, कारण गामो ओमेतोच्या उत्तर शाखेत मोडते. आणि ‘सगळं एकच’ म्हणणं तिथे महागात पडतं: वोलायता, गामो, गोफा, दावरो एकत्र करून ‘वोगागोडा’ ही एकच शालेय भाषा लादायचा प्रयत्न झाला, तेव्हा १९९९मध्ये वोलायता भागात लोक रस्त्यावर उतरले.

राहिली लिपी. अम्हारिकच्या फिदेल लिपीत झायसे लिहिता येते. प्रत्येक व्यंजनाची स्वरागणिक सात रूपं, आपल्या बाराखडीसारखीच. अडचण वेगळीच आहे. फिदेलमध्ये द्वित्त दिसत नाही आणि स्वराची लांबीही नीट कळत नाही. म्हणजे ‘पता’ आणि ‘पत्ता’ एकसारखेच लिहायचे! ओमेतो भाषांत अशा फरकाने अर्थ बदलतो. गामो, वोलायता रोमनमध्ये लिहिताना अक्षर दोनदा लिहून हे भागवतात.

देवनागरीत उतरवताना आणखी एक सापळा आहे. झायसेत कंठद्वार मिटून, तोंडातली कोंडलेली हवा फटकन सोडून उच्चारायचे ‘क’, ‘त’, ‘च’ आहेत. ऐकणारा हमखास ‘ख’, ‘थ’, ‘छ’ लिहितो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘ख’ म्हणा: श्वासाने ती हलते. या ‘क’ला नुसता टचकन आवाज येतो, मागून श्वास येत नाही. म्हणून क’, त’, च’ असं चिन्ह देऊन लिहावं; महाप्राण वापरू नये.