दत्तक आईला रजा कशाला, असं विचारणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला. 'संसदेने २०१७ मध्येच दत्तक आईला १२ आठवड्यांची पगारी रजा दिली, तरी कोर्टबाजी चालूच' हे शीर्षक, खाली पाच मुद्दे आणि शेवटी 'पटलं तर पुढे पाठवा'. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दत्तक आईच्या याचिकेवर केंद्र सरकारला काही प्रश्न विचारले, त्यावरून तो निघाला असावा. त्या ग्रुपवर माझी धाकटी बहीण आहे. २०२३ मध्ये तिच्या कोथरूडच्या घरी सात महिन्यांची लेक आली. तिने मेसेज वाचला, ग्रुपवर काही लिहिलं नाही. दुपारी मला फोन केला आणि विचारलं, "ताई, मामांना खरंच असं वाटतं का गं?"

म्हणून हे लिहिते आहे.

पहिला मुद्दा शीर्षकातलाच: १२ आठवडे दिलेत, आणखी काय हवं? मेसेज लिहिणाऱ्याने कायद्याचं अर्धं वाक्य कापलंय. ही रजा देणारं दुरुस्ती विधेयक राज्यसभेत ऑगस्ट २०१६ मध्ये आणि लोकसभेत ९ मार्च २०१७ ला मंजूर झालं. त्याने प्रसूती लाभ कायद्याच्या कलम ५ मध्ये जो भाग घातला, त्यात १२ आठवडे होते, पण मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तरच. त्याहून एक दिवस मोठं असेल तर त्या कायद्याने एक दिवसही नव्हता.

आता त्याच संसदेने २०१५ मध्ये केलेला बाल न्याय कायदा शेजारी ठेवा. आईने मूल बालकल्याण समितीकडे सोपवलं, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने द्यावे लागतात. त्याआधी ते मूल दत्तक देण्यासाठी मोकळं होत नाही. मूल टाकून दिलेलं सापडलं, तर आईवडिलांचा शोध घ्यायचा आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत निर्णय द्यायचा. पुढे वैद्यकीय तपासणी, मुलाचा अहवाल, केंद्रीय पोर्टलवर नोंद. मग यादीतल्या जोडप्याला निरोप जातो, होकाराला ४८ तास मिळतात, कागद होतात आणि त्यानंतर मूल घरी येतं. अगदी जन्मल्या दिवशी सोपवलेलं बाळ धरा. नव्वदातले साठ दिवस फेरविचारातच गेले. उरलेल्या तीस दिवसांत सगळं उरकून किती बाळं घरी पोहोचतील? एका कायद्याने देऊ केलेली रजा दुसऱ्या कायद्याच्या मुदतीत संपून जायची. तीनच महिने का, हेच तर न्यायालयाने सरकारला विचारलं. मामा, याला कोर्टबाजी म्हणायचं?

माझ्या बहिणीच्या कंपनीत एचआरने हेच कलम पुढे केलं. मूल सात महिन्यांचं, म्हणजे रजा नाही. साठलेली हक्काची रजा १९ दिवस होती, ती घेतली, नंतर बिनपगारी. लेक काळोखात झोपायची नाही, कारण संस्थेच्या खोलीत रात्रभर ट्यूब चालू असायची. पहिले कितीतरी दिवस बहीण दिवा लावून तिच्याशेजारी नुसती पडून राहिली. ज्या आठवड्यात ती पहिल्यांदा आपण होऊन आईच्या गळ्यात पडली, त्याच आठवड्यात बहिणीला कामावर हजर व्हावं लागलं.

दुसरा मुद्दा 'मोठ्या मुलाला आई कशाला लागते, ते शाळेत किंवा पाळणाघरात जाईल' असा आहे. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आधीची माणसं, आधीची जागा आठवते. ते नव्या घरी येतं तेव्हा त्याचं सगळं जग एका दिवसात बदललेलं असतं. त्याला तिसऱ्या दिवशी पाळणाघरात ठेवलं, तर पुन्हा कुणीतरी सोडून गेलं असंच त्याला वाटणार. शिवाय मूल रुळतंय का, हे पाहायला समाजसेविका दोन वर्षं दर सहा महिन्यांनी घरी येते, अहवाल लिहिते. तो सरकारचाच नियम आहे. मुलाशी नातं जुळलं का, हे एक खातं विचारतं आणि ते जुळायला लागणारे दिवस दुसरं खातं देत नव्हतं.

तिसरा मुद्दा: 'मग रजेसाठी लोक मुलं दत्तक घेतील.' हे लिहिणाऱ्याने दत्तक घेणारं एकही घर आतून पाहिलेलं नाही. किमान दोन वर्षांचा स्थिर संसार, वैद्यकीय दाखले, उत्पन्नाचे पुरावे, घरी येऊन केलेली गृहभेट. संसदेच्याच स्थायी समितीने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात म्हटलंय की प्रतीक्षा एका वर्षावरून तीन वर्षांवर गेली आहे. तीन वर्षं वाट पाहून, जन्मभराचं नातं पत्करून, कुणी १२ आठवड्यांची सुट्टी मिळवत नाही.

चौथा, कंपन्या बुडतील. २०२३-२४ मध्ये अख्ख्या देशात परदेशी गेलेली मुलं धरून ४,००९ दत्तकविधानं झाली. हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत याहून जास्त माणसं असतात. एक गोष्ट मात्र मान्य करते: या कायद्याखाली रजेचा सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो, सरकार वाटा उचलत नाही, आणि छोट्या मालकाला ते जड जातं. ही तक्रार खरी आहे. पण ती सगळ्याच आयांच्या रजेबद्दल आहे. मग सरकारकडे वाटा मागा, दत्तक आईची रजा का कापता?

पाचवा: 'बाळंतपण नाही तर बाळंतरजा कसली?' यातही थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. बाळंतिणीचं शरीर झिजलेलं असतं, तिला २६ आठवडे आणि दत्तक आईला १२, या फरकावर मी भांडत नाही. पण २६ पैकी जास्तीत जास्त आठच आठवडे प्रसूतीआधी घेता येतात, बाकीचे मुलासोबतचे असतात. मुलाची गरज संसदेनेही मानलीच आहे. आणि केंद्र सरकार स्वतःच्या महिला कर्मचाऱ्यांना एक वर्षाखालचं मूल दत्तक घेतल्यास १८० दिवस देतं, दत्तक बापाला १५ दिवस देतं. सरकारी कचेरीतल्या आईला कळलेली गरज खासगी कंपनीतल्या आईला लागू नाही, असं कसं?

बापाचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व रजेचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते कायदा झालं नाही. माझ्या मेहुण्यांनी चार दिवस किरकोळ रजा काढली आणि पाचव्या दिवशी ते कामावर गेले.

मामा, हे तुम्हाला वेगळं न पाठवता ग्रुपवरच टाकते आहे, कारण तो मेसेजही तिथेच आला आणि तिने तिथेच वाचला. तुम्ही तिच्या लेकीच्या बारशाला आला होतात, पाळण्याची दोरी तुम्हीच पहिल्यांदा ओढलीत. तिला एक फोन करा.