कोंबडी म्हणजे कचरापेटी नव्हे

शाळेत कोंबड्या पाळल्या की उष्ट्या-खरकट्याचा प्रश्न मिटला, असं हल्ली बरंच ऐकते. शाळेत कोंबड्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं, म्हणून आधी हिशेब मांडते.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. त्यातलं बहुतेक तिचं नेहमीचं खाद्यच हवं. कवचासाठी तिला रोज चारेक ग्रॅम कॅल्शियम लागतं, ते उष्ट्यातून मिळत नाही. वरचा खाऊ दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, असं जाणकार सांगतात. म्हणजे दहा कोंबड्या मिळून रोज मूठ-दोन मुठी. अख्ख्या शाळेचं उष्टं त्यांच्यापुढे ओतलं तर कोंबड्या आजारी पडतील आणि उंदरांची चंगळ होईल.

कोंबड्यांचं खरं काम पाचोळ्यात आहे. त्यांच्या विष्ठेत नत्र इतकं असतं की ताजी घातली तर रोपं करपतात. तीच वाळक्या पानांत मिसळून कुजली की उत्तम खत. आवारातला पाचोळा जाळण्याऐवजी त्यांच्यापुढे टाका आणि बघा: आळीपाळीने पाय मागे झाडायचे, एक पाऊल मागे सरकायचं, मान तिरकी करून एका डोळ्याने निरखायचं, अळी टिपायची. दिवसभर हेच! ढिगात हवा आपोआप खेळते.

आणि मुलं? बुरशी आलेलं, खारट, चॉकलेट, कच्चा राजमा, अ‍ॅव्होकाडो, बटाट्याची हिरवट सालं कोंबड्यांना चालत नाहीत. त्यामुळे टाकण्याआधी हातात काय आहे ते मुलाला बघावंच लागतं. ‘ओला कचरा, सुका कचरा’ अशा पाट्यांकडे कोण लक्ष देतं? पण ‘हे खाल्लं तर ती आजारी पडेल का?’ असं मूल स्वतःहून विचारतं. रोज तेच ते उरलेलं दिसलं की ‘एवढं वाढलंच का?’ हाही प्रश्न येतो. कचरा कमी होतो तो इथे, ताटात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात वाया गेलेल्या सुमारे १०५ कोटी टन अन्नापैकी ६० टक्के घराघरांतलं होतं. मुलाने हा प्रश्न घरी नेला तर मला हवंच आहे.

फक्त पिल्लं आणण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. खुराड्यातून बाहेर पडताना साबणाने हात धुवून घेण्याची जबाबदारी कोणाची, कारण साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती खरी आहे. सुट्ट्यांत पाणी कोण देणार. आणि दोन-तीन वर्षांनी अंडी कमी झाली, की पुढे आणखी काही वर्षं जगणाऱ्या त्या कोंबड्यांचं काय करणार, हे मुलांना आजच काय सांगणार आहात.