‘टीव्ही बघून शिकलेल्यांनी शिकवू नये’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हिक्टोरिया सँडविच या दोन थरांच्या इंग्लिश केकवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “प्रमाण तुमचंच, फक्त वाटीने मोजलं. केक मधोमध खचला. टीव्ही बघून शिकलेल्यांनी दुसऱ्यांना शिकवू नये. आणि त्या परदेशी कार्यक्रमाचं एवढं कौतुक कशाला?”

केक फसला याचं वाईट वाटलं. साहित्य वाया गेलं की चिडचिड होते, तेही कळतं. पण ‘टीव्ही बघून शिकलेल्यांनी’ हे तुम्ही ज्या सुरात म्हणालात, तो सूर मला लागला. अकरा वर्षं जवळजवळ दर आठवड्याला मी हा केक करते आहे. नुसतं विचारलं असतंत तरी उत्तर दिलंच असतं.

माझी एक चूक मान्य. टिनचा आकार लिहायचा राहिला होता. 20 सेंटिमीटरचे दोन उथळ टिन लागतात. सगळं बॅटर एकाच टिनमध्ये ओतलं तर कडा भाजतात, मध्य कच्चा राहतो आणि बाहेर काढताच बसतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता टीव्हीचं. ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ हा बेकिंग स्पर्धेचा ब्रिटिश कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला आणि त्यात उतरतात ते सगळे हौशी. 2018 चे विजेते राहुल मंडल कोलकात्याहून इंग्लंडला गेलेले संशोधक, बेकरीवाले नव्हेत. अशांचे हात जवळून बघायला मिळतात, आणि ते बघणं कमी लेखू नका. बटर-साखर किती फेटायची? ‘हलकं होईपर्यंत’ असं लिहून काय कळणार! पिवळेपणा जाऊन ते जवळजवळ पांढरं होतं, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. तयार बॅटरचंही तसंच. भरलेला चमचा भांड्याच्या काठावर हलकेच आपटला की बॅटर गोळ्याने खाली पडलं पाहिजे. धार लागली तर पातळ, चिकटून बसलं तर घट्ट, मग चमचाभर दूध घाला. गार अंड्यांनी मिश्रण फाटू लागलं तर चमचाभर मैदा. हे सगळं मी पडद्यावरच पाहिलं आणि मग हाताने केलं.

पडद्यावर दिसत नाही ते वजन. तिथलं ‘लार्ज’ अंडं कवचासकट 63 ते 73 ग्रॅमचं, आपल्याकडचं बरेचदा 50-55 चं. त्यांच्या चार अंड्यांना बटर, साखर, मैदा प्रत्येकी 225 ग्रॅम चालतं. आपल्या चार अंड्यांना तेवढंच घेतलं तर केक घट्ट होतो. म्हणून तर लिहिलं होतं की अंडी कवचासकट तोला आणि येईल तेवढंच बाकीचं प्रत्येक घ्या. वाटीने हे जमणार नाही. वाटीभर मैदा दाबून भरला की सैल, यावरच कितीतरी ग्रॅमचा फरक पडतो.

तिथे सेल्फ-रेझिंग पीठ वापरतात, म्हणजे आधीच बेकिंग पावडर मिसळलेला मैदा. आपल्या मैद्याला दर 150 ग्रॅममागे दोन सपाट टीस्पून बेकिंग पावडर पुरे. शीग लावून घातली की केक भराभर फुगतो आणि खचतो. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) आधी तापवा, दोन्ही रॉड चालू, 180 अंश, मधला खण, पंचवीसेक मिनिटं. पहिली वीस मिनिटं दार उघडू नका.

परदेशी कौतुकाबद्दल वाद घालायचा नाही.

तोलून पुन्हा करा. तरी खचला तर कापलेल्या तुकड्याचा फोटो पाठवा. मध्यभागी ओला, चिकट पट्टा असेल तर भाजणं कमी पडलं, मोठी मोठी छिद्रं असतील तर बेकिंग पावडर जास्त झाली.