पैसे अ‍ॅपमध्ये नसतात, बँकेत असतात

मागच्या रविवारी नागपूरच्या गोकुळपेठ बाजारात माझ्या बाबांचे ३८० रुपये अडकले. रक्कम लहान आहे. पण तेव्हा बाबांचा चेहरा असा काही उतरला की आठवडा झाला तरी तो डोळ्यांपुढून जात नाही. थोडं लांबलं आहे, पण ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं कोणी यूपीआय वापरतं त्यांनी जरूर वाचा.

भाजी घेऊन झाली होती. वांगी, मेथी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या, वर थोडी फळं. बाबांनी कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मग पिवळ्या पट्टीत 'व्यवहार प्रलंबित' असं आलं. तेवढ्यात बँकेचा मेसेज वाजला, खात्यातून ३८० वजा. भाजीवाल्या मावशींचा साउंडबॉक्स मात्र गप्प. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "डब्बा नाही बोलला न काकाजी."

मागे चार लोक उभे. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "मीच काही चुकीचं दाबलं असेन रे."

माझ्या बाबांनी पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. त्यांनी काहीही चुकीचं दाबलं नव्हतं. पिन चुकला असता तर खात्यातून पैसे गेलेच नसते. पैसे गेले, म्हणजे त्यांच्या हातून जे व्हायचं ते बरोबरच झालं होतं. तरी त्यांना आपलीच चूक वाटली, कारण त्या आठवड्यात बँकेत त्यांना तसंच ऐकवलं गेलं होतं. ते सांगतो.

मंगळवारी त्यांचं सिम कार्ड बदललं. जुनं रेंज पकडत नव्हतं, नंबर तोच राहिला. घरी येऊन अ‍ॅप उघडलं तर 'सिम बदललेलं दिसते, नंबर पुन्हा पडताळा'. पडताळणीसाठी अ‍ॅप आपल्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं. तो एसएमएस पोचला की बँकेकडे नोंदलेला नंबर याच फोनमध्ये आहे हे त्यांना कळतं. बाबांचा एसएमएस जाईचना. दहा-बारा वेळा करून पाहिलं, फोन बंद-चालू केला, अ‍ॅप काढून परत टाकलं. शेवटी बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "अ‍ॅप आमचं नाही, अ‍ॅपवाल्यांना विचारा. तुमचंच काहीतरी चुकत असेल." अ‍ॅपच्या मदत विभागात लिहिलं तर उत्तर आलं, कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधा. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एकाच बँकेत होत नाही. हा अनुभव तुम्हालाही असेल.

खरं कारण साधं होतं. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावरून एसएमएस जात नाही आणि येतही नाही. दूरसंचार विभागाने २०२२च्या शेवटी कंपन्यांना तसा आदेशच दिला आहे. आपल्या नंबरचं दुसरं सिम काढून कोणी ओटीपी पळवू नये, यासाठी. चांगला नियम आहे, मला मान्य आहे. पण सिम देणाऱ्या दुकानात, बँकेच्या काउंटरवर किंवा अ‍ॅपच्या पडद्यावर एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर बाबांची रात्रीची झोप गेली नसती. बुधवारी संध्याकाळी पहिल्याच झटक्यात अ‍ॅप सुरू झालं. पिन जुनाच चालला, कारण पिन खात्याचा असतो, अ‍ॅपचा नाही.

एसएमएस अडकण्याची बाकी कारणंही याच जातीची आहेत. रिचार्ज संपलेलं असतं. वायफायवर बाकी सगळं चालतं म्हणून ते लक्षातच येत नाही, पण एसएमएसला चालू रिचार्ज लागतं. दोन सिमच्या फोनमध्ये भलतंच सिम निवडलेलं असतं. अ‍ॅपला एसएमएसची परवानगी दिलेली नसते. किंवा बँकेत अजून दहा वर्षांपूर्वीचा नंबर असतो, मग मात्र बँकेकडे तो बदलल्याशिवाय इलाज नाही. अजून एक, सिम किंवा फोन बदलल्यावर पहिला दिवसभर साधारण ५००० रुपयांच्या वर पैसे पाठवता येत नाहीत. शाळेची फी किंवा दवाखान्याचं बिल त्याच दिवशी भरायचं असेल तर आधीच दुसरी सोय करून ठेवा.

या दोन दिवसांत बाबा आणखी एका गोष्टीतून थोडक्यात वाचले. त्यांनी गूगलवर अ‍ॅपचा कस्टमर केअर नंबर शोधून एका कागदावर उतरवून ठेवला होता. नशीब, लावायच्या आधी मला दाखवला. असे कितीतरी नंबर चोरांनी टाकलेले असतात. गोड बोलतात, 'स्क्रीन दिसायला हवी' म्हणून एक अ‍ॅप टाकायला लावतात आणि तुम्ही पिन टाकताना बघत बसतात. नंबर घ्यायचा तो अ‍ॅपच्या आतून किंवा एटीएम कार्डाच्या पाठीमागून. आणि पैसे परत मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जातात, येत नाहीत. फसलात तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. लाजू नका, तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते.

आता परत बाजारात येतो.

मी मावशींना म्हटलं, आमच्या खात्यातून कटले आहेत, मेसेज बघा. त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. खोटे स्क्रीनशॉट, खोटी अ‍ॅपं दाखवून भाजी घेऊन गेलेले लोक त्यांनी पाहिले आहेत. म्हणून त्यांचा भरवसा डब्यावर. कधीकधी डब्याचीच बॅटरी संपलेली असते किंवा त्याचं नेटवर्क गेलेलं असतं, म्हणून मी त्यांना त्यांच्या फोनवर जमा बघायला सांगितलं. तिथेही काही नव्हतं. आमच्या खिशात मिळून सत्तर रुपये. बाबा पिशवी परत ठेवायला लागले तर मावशी म्हणाल्या, "घेऊन जा न काकाजी, पैसे कुठी पळून राहिले का. दुपारी द्या."

आमच्या मागच्या बाईंचंही तसंच झालं. त्यांनी मात्र वाद घातला. माझे कटलेत, मी दोनदा का देऊ? त्यांचा राग मला समजतो. पण मंडळी, ज्या मावशी पहाटे कॉटन मार्केटमधून रोख पैसे मोजून माल उचलतात, त्यांच्यावर हा तोटा का पडावा? पैसे त्यांच्याकडे आलेलेच नाहीत.

या एका व्यवहारात कोण कोण असतं पाहा. तुमचं अ‍ॅप, त्या अ‍ॅपमागची बँक, मधे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं यंत्र, तुमची बँक आणि मावशींची बँक. अ‍ॅप ही फक्त खिडकी आहे, त्यात तुमचा एक रुपयाही नसतो. तुमच्या बँकेने रक्कम वजा केली आणि मावशींच्या बँकेकडून वेळेत 'जमा' असं उत्तर आलं नाही की व्यवहार मधेच लटकतो. म्हणून काउंटरवरून कोणी 'अ‍ॅपवाल्यांना विचारा' म्हणालं की मला संताप येतो. वजा तुम्ही केले, शोधायचे पण तुम्हीच.

आणि हे माझं म्हणणं नाही, नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ला परिपत्रक काढलं. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे वजा होऊन पोचले नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही आपण न मागता. माझ्या ओळखीच्या दहा जणांना विचारलं, एकालाही हे माहीत नव्हतं. शाखेच्या भिंतीवर कर्जाच्या जाहिराती असतात, हा कागद मी अजून कुठे लावलेला पाहिला नाही. तो लावायला हवा, आणि मराठीत.

तर प्रलंबित दिसलं की पहिली गोष्ट, लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. प्रलंबित म्हणजे नापास नाही, थोड्या वेळाने तो व्यवहार पूर्णही होऊ शकतो. अंगठ्याने ओढून ओढून स्थितीही तपासत बसू नका. २०२५ साली १२ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या दिवशी, देशभर यूपीआय कोलमडलं होतं ते आठवतं? नंतर कळलं की काही बँकांकडून जुन्या व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला होता. म्हणूनच १ ऑगस्ट २०२५ पासून अशा तपासणीवर मर्यादा आली. अ‍ॅपला एका व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारता येते, तेही दर वेळी दीड मिनिट थांबून. तुम्ही शंभरदा ओढलंत तरी उत्तर तेच येणार.

त्यापेक्षा व्यवहार उघडून बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. आधी अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार टाका, मग तोच नंबर घालून बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेल्याची नोंद राहत नाही. बँकेने ३० दिवसांत ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट. ऑनलाइन होते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आपल्या संविधान चौकाला जुने लोक अजून आरबीआय चौक म्हणतात. तिथली रिझर्व्ह बँकेची इमारत रोज बघत आपण मोठे झालो, पण तिचे नियम आपल्या कामी येतात हे आपल्याला कोणी सांगितलं नाही.

छोट्या खरेदीसाठी मी आता बाबांना यूपीआय लाइट लावून दिलं आहे. ही छोट्या रकमांची वेगळी सोय, खात्यातून काढून त्यात ५००० पर्यंत ठेवता येतात, एका वेळी १००० पर्यंत पिनशिवाय जातात, आणि दर वेळी बँकेचं सर्व्हर उघडावं लागत नाही म्हणून अडकण्याचं प्रमाण कमी. फक्त फोन बदलण्याआधी त्यातले पैसे खात्यात परत घ्यायचे. तरी पाकिटात तीनशे-चारशे रुपये रोख असावेत, हे माझं ठाम मत झालं आहे.

त्या रविवारी दुपारीच बाबा ऊन न बघता रोख ३८० घेऊन बाजारात गेले. मग घरी येऊन डायरीत तारीख, रक्कम आणि बारा आकडे लिहिले, नेहमीच्या निळ्या शाईत. सोमवारी अर्ज दिला. या वेळी मी सोबत होतो, शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय आम्ही उठलो नाही. गुरुवारी रात्री मेसेज आला, ३८० जमा. बाबांनी चष्मा लावला, डायरी काढली आणि त्या ओळीपुढे लिहिलं, 'परत आले. चूक माझी नव्हती.'