सिंध डाक पंधरा हजारात मिळतंय? घ्या हो, विचार कसला करताय

आजोबांच्या ट्रंकेत सापडलं म्हणून कोणी सिंध डाकचं तिकीट पंधरा हजारात द्यायला निघाला तर उगाच शंका काढू नका. माणूस खोटं कशाला बोलेल, आणि त्याला आजोबा होते एवढं तर सिद्धच आहे ना. आशियातलं पहिलं चिकटवायचं पोस्टाचं तिकीट, अर्ध्या आण्याचं, १ जुलै १८५२ ला सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी काढलेलं (हेच पुढे मुंबईचे गव्हर्नर, आपल्या फ्लोरा फाउंटनला आधी यांचंच नाव द्यायचं ठरलेलं), आणि ते नेमकं तुमच्याकडे चालत येतंय म्हणजे नशीबच की.

थोडी माहिती असलेली बरी, फार नको. हे तिकीट आधी लाल लाखेवर ठसा उठवून केलं, पण लाख ठिसूळ, टपालात तडकायची, मग पांढऱ्या कागदावर केलं तर ते मिणमिणत्या उजेडात दिसेना, म्हणून निळं. १८५४ च्या ऑक्टोबरात सगळ्या हिंदुस्थानची तिकिटं आली आणि याचा खेळ संपला. लाखेचं धड राहिलेलं तिकीट बघायला म्युझियमवाले तडफडतात, त्यामुळे तुमच्यासमोरचं नव्या टिकलीसारखं चकाकत असेल, कुठे साधा तडा पण नसेल, तर समजायचं की यांच्या आजोबांनी फार जपलं. पांढरं असेल तर अजूनच छान. शाई नाही, रंग नाही, नुसता उठाव, म्हणजे बनवणाऱ्याला एक डाय (ठसा उठवायचा साचा) आणि कागद एवढंच पुरे, आणि कागद जुना दिसायला चहा आहेच घरोघरी.

अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर कपाटात ठेवा आणि किल्ली बायकोकडे द्या. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून आता जी चमक आणणारी रसायनं घालतात ती दीडशे वर्षांपूर्वी नव्हतीच, त्यामुळे दिव्याखाली कागद निळापांढरा झगमगला तर नसता मनस्ताप. भिंग पण नको. कडा दातेरी दिसल्या तरी हरकत घेऊ नका, १८५२ चं तिकीट कात्रीने कापायचं हे खरं, पण यांच्या आजोबांना दातेरी आवडत असेल. शिक्क्यावर १८६१ ची तारीख असेल तर पोस्टाला तेव्हाही उशीर व्हायचा असं म्हणायचं.

पण खरी मजा चार आण्याच्या उलट्या डोक्यात. १८५४ चं तिकीट, कलकत्त्याला सर्वेच्या ऑफिसात दगडावरून छापलेलं, लाल चौकट आधी, निळी राणी (व्हिक्टोरियाचं डोकं) नंतर, असे दोन हात, आणि दुसऱ्या हाताला कागद उलटा गेला की राणी शीर्षासनात! जगातल्या मोठ्या चुकांपैकी एक. आता साधं चार आण्याचं तिकीट आणून त्यावरची निळी राणी काढून तीच उलटी छापायची म्हणजे कागद खरा, लाल चौकट खरी, फक्त राणी परवाची. त्या जागी कागद खरवडून पातळ झालाय का, असं उजेडासमोर धरून बघणारी माणसं मला मनातून आवडत नाहीत.

जाँ द स्पेराती नावाचा बाबा फ्रान्समध्ये राहून हेच धंदे करायचा. स्वस्तातलं खरं तिकीट घ्यायचं, शाई धुवायची आणि त्याच कागदावर महागडं छापायचं, म्हणजे वॉटरमार्कसकट सगळं अस्सल. १९४२ मध्ये त्याची पोर्तुगालला चाललेली तिकिटं फ्रेंच कस्टमने धरली, तज्ज्ञांनी ती खरीच ठरवली, आणि मौल्यवान माल बाहेर पाठवतोय म्हणून बिचाऱ्यावर केस. मग हा कोर्टात सांगत सुटला की साहेब ही नकली आहेत, मीच केलीत, आणि पटवायला पुन्हा करून दाखवायची वेळ आली. तज्ज्ञांचं हे असं, तर तुम्ही लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीकडे (तिकिटं जमवणाऱ्यांची संस्था) पाठवून खरेपणाचं सर्टिफिकेट कशाला मागताय, फी जाईल ती वेगळीच.

तेव्हा घ्या, अल्बमात लावा, पाहुण्यांना दाखवा. फक्त एक काम करा, तिकीट उलटं करून मागे पेन्सिलीने काही खरडलंय का बघा. स्पेराती काही काही नकलांवर सही करायचा आणि त्याच्या नकला आता लोक हौसेने पैसे मोजून गोळा करतात. सही सापडली तर खोडरबर लावू नका, पंधरा हजारातले थोडे तरी वसूल होतील, अर्थात सही तरी त्याचीच निघाली तर.