ग्रेसी ॲलनला बावळट म्हणणाऱ्यांनो

आज सकाळी भावंडांच्या ग्रुपवर कुणीतरी ग्रेसी ॲलन या जुन्या अमेरिकन विनोदी नटीची ब्लॅक अँड व्हाइट क्लिप टाकली आणि खाली लगेच कमेंट, "काय बावळट बाई आहे, कमाल त्या नवऱ्याची!" त्यावर सगळ्यांच्या हसऱ्या स्मायल्या. डोकंच फिरलं माझं. तिथे भांडण नको म्हणून इथे लिहितेय.

अरे, बावळट दिसणं हे तिचं काम होतं! सॅन फ्रान्सिस्कोची पोरगी, लहानपणापासून स्टेजवर. पुढे व्हॉडव्हिल, म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नाच, जादू, नकला सगळं. तिथे तिची जॉर्ज बर्न्सशी जोडी जमली, हाच पुढे तिचा नवरा. आधी ठरलं होतं की तिने साधे प्रश्न विचारायचे आणि हशा जॉर्जने घ्यायचा. पण लोक तिच्या प्रश्नांनाच हसायला लागले आणि ह्याचे जोक पडले! मग त्याने वाटणीच उलटी केली, विनोद तिला, प्रश्न स्वतःला. हे तो स्वतःच आयुष्यभर सांगत आला. कमाल म्हणे नवऱ्याची.

आमच्या आत्याने एकदा गणपतीतल्या नाटकात भोळसट सुनेचं काम केलं होतं. एकच वाक्य कप खाली ठेवायच्या आधी म्हणून बघायची, मग ठेवल्यावर म्हणून बघायची, कुठे हशा येईल म्हणून. प्रयोगाला मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. आणि बक्षीस काय मिळालं? घरात कायमचं "आपली येडी" हे नाव. सगळ्या घराचा हिशोब जी तोंडपाठ सांगायची तिला!

१९३२ पासून ग्रेसी रेडिओवर. तिथे ना चेहरा ना हातवारे, फक्त आवाज. उलटंसुलटं काहीतरी बोलायचं पण अशा खात्रीने की ऐकणाऱ्याला वाटावं आपलंच चुकतंय. स्वतः कधी हसायचं नाही. आत्याही हेच म्हणायची, आपण हसलो की समोरचा हसत नाही. तिला कुणी शिकवलं नव्हतं हे. १९३३ मध्ये ग्रेसी हरवलेला भाऊ शोधायच्या निमित्ताने भलत्याच कार्यक्रमांत अचानक घुसायची, इतकं गाजलं ते की खऱ्या भावाला लोकांपासून तोंड लपवायची वेळ आली. १९४० मध्ये चक्क राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली, 'सरप्राइज पार्टी' नावाच्या पक्षातर्फे, निशाणी कांगारू! निवडणूक गंमतीची होती, पण प्रचाराला रेल्वेने खरोखर फिरली बाई.

हो, जोक जॉर्ज आणि रायटर लोक लिहायचे, मान्य. खुळी बायको हे पात्र आज खुपतं तेही मान्य, खुपू दे. पण ते वाक्य म्हणायचं कसं, थांबायचं कुठे, हे कागदावर लिहून देता येतं का?

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. लहानपणी तिचा हात भाजला होता, ते व्रण दिसू नयेत म्हणून कायम लांब बाह्यांचे कपडे घालायची. मायग्रेनचा त्रास वेगळाच. एवढं सगळं घेऊन रेडिओनंतर टीव्हीची आठ वर्षं काढली, ते लांबलचक उलटसुलट डायलॉग पाठ करून करून. १९५८ ला थांबली, १९६४ ला गेली.

आत्याने मात्र त्या प्रयोगानंतर पुढच्याच वर्षी नाटकाला नाही म्हणून सांगितलं. कुणी कारणसुद्धा विचारलं नाही तिला. याचा राग मला अजून येतो, आज जास्तच आला.

आणि ज्यांना अजून नवऱ्याचीच कमाल वाटते त्यांच्यासाठी, ग्रेसी थांबल्यावर जॉर्जने तोच शो तिच्याशिवाय चालवून बघितला. तीच मंडळी, तोच जॉर्ज. एका सीझनमध्ये गुंडाळला. तिचे जुने एपिसोड नेटवर आहेत, आज रात्री एखादा ऐका, बोलायच्या आधी ती जेवढी थांबते ना, तेवढंच नीट ऐका. तरी बावळट म्हणायचं असेल तर कमेंटमध्ये या, मी जागीच आहे.